मुटक्यांचं कॉडल

बाबांचे उरलेले सगळे दात काढले, ही बातमी आईनं मला फोनवर सांगितली ती अशी: "तुह्या बाबाचं तोंड आता तान्ह्या लेकरासारखं झालं." एवढं बोलून ती लगेच धानाच्या मळणीकडे वळली. यंदा लोंब्या कशा भरल्या, मजूर कसे मिळत नाहीत, मांजरीला चार पिल्लं कशी झाली. मी डब्लिनमध्ये, ड्यूटीवरून येऊन, पायातले बूटही न काढता जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी विचारलं, "मग बाबा जेवतात काय?"

"जेवते कुठी? रुसून बसते," आई म्हणाली.

मी नर्स आहे. नऊ वर्षांपासून डब्लिनमधल्या एका वृद्धाश्रमात काम करते. आमचं गाव आरमोरीहून आत, जंगलाच्या अंगाला. घरात आम्ही गोंडी आणि मराठी अशी मिसळूनच बोलतो. एकच वाक्य एका भाषेत सुरू होतं आणि दुसऱ्या भाषेत संपतं. इथं सगळं मराठीतच लिहिते आहे, ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी.

बाबांचे दात गेले म्हणजे काय गेलं, हे कळायला बाबांचं जेवण माहीत असायला हवं. त्यांना प्रत्येक घासाला हिरवी मिरची लागे, कच्ची, आणि ती कडकन मोडल्याचा आवाज यायला हवा. लग्नाच्या पंगतीत ते नळी अशी फोडत की शेजारचे लोक आपलं जेवण थांबवून बघत. मटणाचा रस्सा लाल नसेल, तर त्याला ते पाणी म्हणत. असा माणूस सहा-सात दुखऱ्या दातांवर दोन वर्षं कशीबशी काढत होता. शेवटी हिरड्या सुजून ताप भरला, तेव्हा चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरांनी दोन-तीन खेपांमध्ये सगळेच काढून टाकले. हिरड्या भरून आल्यावर कवळी बसवू, तोवर मऊ खा, तिखट अजिबात नको, असं सांगितलं.

माझी सहा आठवड्यांची सुट्टी डिसेंबरात आधीच ठरलेली होती. गावच्या फाट्यावर बसमधून उतरले, तर बाबा न्यायला आले होते. भर दुपारची वेळ, चांगलं ऊन, आणि त्यांनी दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळलेला.

"थंडी हाये," ते दुपट्ट्यातूनच म्हणाले आणि माझी बॅग डोक्यावर घेऊन पुढे चालायला लागले.

घरी आल्यावर कळलं की तो दुपट्टा घरातही सुटत नाही. चौकात बसणं बंद. कोणी भेटायला आलं की हे मागच्या दाराने सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या भाजीच्या वाडीत, वांग्यांना पाणी घालायला. जेवायला सगळ्यांबरोबर बसायचं नाही. आई त्यांचं भांडं मागच्या ओट्यावर ठेवून येई आणि ते भिंतीकडे तोंड करून जेवत. जेवत म्हणजे काय, तर तांदळाचा जावा, म्हणजे आमची पातळ पेज, नाहीतर गिचका भात, नाहीतर केळं. आईनं एकदा नेहमीचा रस्सा मिरची न घालता करून बघितला होता. बाबांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "हे कायचं पाणी हाये? तांदूळ धुतले काय याच्यात?" त्या दिवसापासून आईनंही हात टेकले होते.

सदरा त्यांच्या खांद्यावरून घसरत होता. मी नाडी बघितली, पापण्या ओढून बघितल्या, वजनकाटा कुठे मिळेल त्याची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी मऊ खिचडी केली, त्यात तूप घातलं, आणि वाटी-चमचा घेऊन त्यांच्यासमोर बसले. वृद्धाश्रमात मी रोज हेच करते. चमचा कुठल्या बाजूने द्यायचा, कधी थांबायचं, काय बोलत राहायचं, सगळं हाताला पाठ आहे. चमचा तोंडाजवळ नेला, तशी बाबांनी माझा हात मनगटाला धरून खाली ठेवला.

"मी काय तुहा पेशंट हाये काय?"

रागाने म्हणाले असते तर चाललं असतं. पण ते फार हळू म्हणाले. मी वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे चुलीसमोर बसून माझ्या मनात आलं की नऊ वर्षांत मी किती परक्या माणसांच्या बापांना भरवलं, आणि त्यांनी माझ्या हातून मुकाट्याने खाल्लं. आई भाजी निवडत होती. तिने निवडायची उरलेली मेथी माझ्याकडे सरकवली, म्हणजे रिकामी बसू नको.

त्या रात्री झोपताना मला कॉडल आठवलं.

डब्लिनमध्ये मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरच्या खोलीत राहते. घरमालकीणबाई. पंचाहत्तरीच्या पुढच्या, आयुष्यभर पावाच्या कारखान्यात पाव गुंडाळायचं काम केलेलं. नवरा बंदरावर हमाल होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मी राहायला गेले त्याच आठवड्यात शनिवारी त्यांनी मला खाली जेवायला बोलावलं. टेबलावर कॉडलचं मोठं पातेलं होतं. झाकण उघडलं, तर आत पांढरट पाणी, पाण्यात बटाटे, कांदे, आणि वर तरंगणारे फिकट गुलाबी सॉसेज. ना तळलेले, ना भाजलेले. पावसात निघालेली गांडुळं असतात ना, अगदी तशी. मी मनात म्हटलं, बाई गं, आता हे खायचं कसं? कोटाच्या खिशात मी घरच्या तिखटाची पुडी घेऊन फिरत असे. ती टेबलाखाली हळूच सोडायचा प्रयत्न केला, पण बाईंनी बघितलंच.

"आधी तसंच खाऊन बघ," त्या म्हणाल्या. "मग काय घालायचं ते घाल."

मी खाल्लं. डुकराच्या मांसाची सगळी चव त्या पाण्यात उतरली होती. बटाटे असे शिजले होते की अर्धे पाण्यात विरघळून त्यानेच रस दाट झाला होता. थोडं मिरं, थोडं मीठ, आणि वरून चिरलेली हिरवी पानं, आपल्या कोथिंबिरीसारखी दिसणारी, पण वासाला वेगळी. तिखटाची पुडी मी खिशातच ठेवली. अगदी खरं सांगायचं, तर पहिल्या खेपेला ती ठेवली बाईंच्या धाकाने, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला मनापासून.

पुढे त्यांनी मला ते शिकवलं. शिकवण्यासारखं त्यात फारसं नाहीच. आठवड्याचे उरलेले सॉसेज, खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या, कांदे, बटाटे, सगळं थरावर थर लावायचं, जेमतेम बुडेल एवढं पाणी घालायचं, झाकण ठेवायचं, आणि आच अगदी मंद. काही परतायचं नाही, लाल करायचं नाही. "आणि ढवळायचं नाही," बाई दर वेळी बजावत. त्यात गाजर घालावं की नाही, यावरून त्या आणि त्यांची धाकटी बहीण चाळीस वर्षं भांडत होत्या. नवरा बंदरावरून कधी येईल याचा नेम नसे, येताना तो दारूच्या दुकानातही थांबे, म्हणून हे जेवण. चुलीवर दोन तास राहिलं तरी बिघडत नाही, चार तास राहिलं तरी नाही.

मऊ, बिनतिखट, मांसाचं. बाबांना हवं होतं ते हेच, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी हिरड्या दाखवायला बाबांना चंद्रपूरला न्यायचंच होतं. तिथल्या एका मोठ्या दुकानात, थंड कपाटात, कोंबडीच्या मांसाचे सॉसेज मिळाले. वर्तमानपत्रात गुंडाळून, दुपट्ट्यात बांधून, मांडीवर घेऊन परतीच्या बसमध्ये बसले. बाबांनी एकदाच विचारलं, "काय हाये?" मी म्हटलं, "उद्या सांगते." घरी पोचेपर्यंत दुपट्टा ओला झाला होता.

दुसऱ्या दिवशी गॅसवर सगळं बाईंच्या पद्धतीने केलं. आई दारात उभी राहून बघत होती. मी कांदा परतला नाही, हळद घातली नाही, फोडणी दिली नाही, तसतशी तिची मान एकेका गोष्टीला थोडी थोडी कलत गेली. शेवटी मी झाकण ठेवलं, तेव्हा तिने विचारलं, "आता सैंपाक कधी सुरू करशील?"

"झाला की."

"बाप्पा," आई म्हणाली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली.

बाबांना मी वाटी दिली आणि शहाणपणाने दूर जाऊन बसले. माझ्याकडे पाठ करून ते आधी बराच वेळ वाटीवर वाकले, मग एक सॉसेज उचलला, उलटसुलट बघितला, तोंडात घातला. वरचं साल रबरासारखं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दात असलेल्याला ते जाणवत नाही. बाबांनी हिरड्यांनी दाबला, तसा तो टुणकन निसटला, ओट्यावर पडला आणि घरंगळत अंगणात गेला. एक कोंबडी धावली, तिच्यामागे दुसरी, आणि दोघींची त्या सॉसेजवरून ओढाताण सुरू झाली. आई खो-खो हसायला लागली. मलाही हसू आवरेना. बाबा मात्र उठले, दुपट्टा वर ओढला आणि वांग्यांकडे निघून गेले.

माझं हसू तिथेच विरलं. आपण काय केलं, असं झालं. पण आई वाटी आणायला गेली, ती परत आली नाही. ओट्यावर उभी राहून तिने मला हाक मारली.

"इकडं ये. पाह्य."

वाटीत बाकीचे सॉसेज सगळे तसेच होते. पण बटाटे नव्हते, आणि पाण्याचा थेंब नव्हता.

"पाणी आवडलं त्याले," आई म्हणाली. मग तिने एक सॉसेज उचलला, नखाने साल सोललं, आतलं मांस बोटाने चिरडलं, वास घेतला. "हे तं नुसतं कुटलेलं मटण हाये. ह्या सालपटाची काय गरज? मुटके वळू."

मुटके आमच्याकडे सगळ्यांना माहीत. मेथीची भाजी पिठात मळून, मुठीत दाबून, उकडून करतात. मुठीत दाबायचं म्हणून मुटके. पण मांसाचे मुटके मी कधी ऐकले नव्हते. आईनेही ऐकले नसावेत. ती बोलत होती मात्र अशी की जणू तिच्या माहेरी दर आठवड्याला होत.

त्या आठवड्यात शेजारच्या गावी एका घरी पाळलेलं डुक्कर कापलं होतं. बाजाराच्या दिवशी आई तिथे गेली आणि पळसाच्या पानांत बांधून मांस घेऊन आली. तिने स्वतः बसून निवडलेलं, चरबी बरोबर हवी तेवढी. मग लाकडी ठोकळा धुतला, सत्तूर घासला आणि खिमा करायला बसली. तो ठक-ठक आवाज किती वेळ चालला होता. मी करते म्हटलं, तर तिने सत्तूर दिला नाही.

"त्या बाईनं काय घातलं असते आत?" तिने विचारलं.

मी सांगितलं की तिकडे सॉसेजच्या आत पावाचा चुरा असतो, त्याने मांस नरम राहतं. आईने क्षणभर विचार केला आणि सकाळचा उरलेला भात आणून खिम्यात कुस्करला. मीठ घातलं. मिरे कुटून घातले. मग लसणाची हिरवी पात बारीक चिरायला घेतली.

"लसूण नाही घालत त्यात," मी म्हटलं.

"काऊन?"

"नाही घालत म्हणून."

"ती बाई इथी हाये काय?" आईने पात घातली.

खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या कुठून आणायच्या, हा प्रश्नच आला नाही. आमच्या चुलीवर तारेला वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या कायम टांगलेल्या असतात, धुराने काळ्या झालेल्या. आईने चार काढल्या, गरम पाण्यात भिजवल्या, पावशीवर, म्हणजे विळीवर, बारीक कापल्या. मी मातीच्या मडक्यात थर लावले: तळाशी कांदा, वर बटाटा, वर पट्ट्या, मग मुटके, मग पुन्हा बटाटा. मुटक्यांवर आईच्या चार बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. पाणी जेमतेम बुडेल एवढं. चुलीतला जाळ आईने ओढून घेतला, नुसते निखारे ठेवले, मडकं चढवलं आणि झाकणीभोवती कणीक थापली.

"आता?"

"आता काही नाही. ढवळायचंही नाही."

"मंग चाल खळ्यावर," आई म्हणाली. तिला कॉडलमधली हीच एक गोष्ट पहिल्यापासून पटली होती, की चुलीपाशी बसावं लागत नाही. बाबा अंगणात बाजेवर पडले होते. त्यांना मडक्याकडे लक्ष ठेवायला सांगून आम्ही दोघी धान उपणायला गेलो. मी दोन तास सूप हलवत होते, पण जीव सगळा घरी होता. कधी वाटे निखारे विझले असतील, कधी वाटे करपलं असेल.

दुपार कलल्यावर परत आलो, तर अंगणात वनरक्षक बसलेला. आमच्या भागातल्या जंगलाची राखण त्याच्याकडे. गडी तसा भला, पस्तिशीचा, चिमूरकडच्या शेतकरी घरातला, सगळ्यांशी बोलून-चालून असणारा. नाल्याच्या बाजूला बिबट दिसला, संध्याकाळी कोणी सरपणाला जाऊ नका, हे सांगायला तो घरोघर फिरत होता. बाबांना या खेपेला मागच्या दाराने निसटता आलं नव्हतं, कारण मडक्याची राखण त्यांच्याकडे दिली होती. ते बाजेवर ताठ बसले होते, दुपट्टा डोळ्यांच्या खाली.

वनरक्षकाचं लक्ष मात्र बाबांच्या तोंडाकडे नव्हतंच. त्याचं नाक चुलीच्या दिशेने वळलं होतं.

"काकाजी, डुकराचा वास येऊन राह्यला," तो म्हणाला. "रानडुक्कर तं नाई ना?"

"पाळलेलं हाये," आईने डोक्यावरची टोपली उतरवत उत्तर दिलं. "शेजारच्या गावच्या घरचं. जा, इचारून ये त्यायले. बांधून आणलेली पळसाची पानं आन् डुकराची शेपटी अजून मांगं पडली हाये, ते बी पाह्यजो."

"तसं नाई काकू, माहं कामच हाये इचाराचं." तो ओशाळला. पण उत्सुकता गेली नव्हती. "मंग मडक्याले कणीक काऊन लावली?"

माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी मडकं उतरवलं, कणीक फोडली, झाकण काढलं. वाफ गेली आणि सगळे वाकले. आत दुधाच्या सायीच्या रंगाचा रस, त्यात बटाट्यांच्या कडा विरघळलेल्या, मुटके फुगून वर आलेले. मी कोथिंबीर टाकली. लाल काही नाही, पिवळं काही नाही. मला ते फार सुंदर दिसत होतं.

वनरक्षक बराच वेळ बघत राहिला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "हे तं बिमार माणसाचं जेवण दिसते."

मी काही बोलणार, तेवढ्यात बाबा बोलले. "बिमारीचं?" त्यांचा आवाज मी आल्यापासून एवढा मोठा ऐकला नव्हता. "माह्या पोरीनं शिकून आणलं हे. तिकडं बंदरावरचे हमाल खातेत. हमाल! दिवसभर ओझं उचलते तो माणूस. तू उचलशील काय?"

हमालाची गोष्ट मी आईला सांगितली होती, खिमा करताना. बाबा वांग्यांना पाणी घालत होते, ते ऐकत होते तर.

"नाई, मी फक्त म्हटलं—"

"वाढ व," बाबा मला म्हणाले.

मी वाडग्यात वाढलं. बाबांनी वाडगं हातात घेतलं आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असावं की दुपट्टा काढल्याशिवाय खाता येणार नाही. एक क्षण ते थांबले. वनरक्षक समोर, आई बाजूला, कुंपणापलीकडून शेजारीणही डोकावत होती. बाबांनी दुपट्टा खाली ओढला, गळ्यात पडू दिला आणि एक मुटका तोंडात घातला.

हिरड्यांमध्ये तो लगेच मोडला. त्यांचे गाल आत गेले, बाहेर आले, हनुवटी नाकाला लागली. इतके दिवस ज्या चेहऱ्याची त्यांना लाज वाटत होती तो चेहरा आम्हा सगळ्यांसमोर होता, आणि त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं; सगळे फक्त ते काय म्हणतात याची वाट बघत होते. बाबांनी रस ओरपला. दुसरा मुटका घेतला. तिसरा घेतला. पट्टीचा एक तुकडा बोटाने बाजूला काढून पुन्हा चोखला. मग वाडगं पुढे केलं.

"आणखी वाढ."

"कसं हाये, काकाजी?" वनरक्षकाने विचारलं.

"तिखट नाई," बाबा म्हणाले. "पण हाये."

बाबांकडून ही फार मोठी दाद होती. आई मान फिरवून चुलीत उगाच काटक्या सारत बसली.

वनरक्षक स्वतः डुक्कर खात नसे, त्याच्या घरी चालत नाही. पण वासाने तो कासावीस झाला होता, हे दिसत होतं. निघताना तो दारापाशी घुटमळला. "बाई, कोंबडीचं होत नाई काय हे?"

"होतं ना," मी म्हटलं.

"मंग आयतवारी येतो. कोंबडी माही."

आणि आयतवारी तो खरंच कोंबडी घेऊन आला, शिवाय घरून डब्यात मिरचीचा ठेचा घेऊन आला, कारण एवढं पांढरं जेवण आपल्याच्याने नुसतं गिळवणार नाही, अशी त्याला भीती होती. आईने आता मला विचारणंही सोडलं होतं. मुटके ती वळत होती, थर ती लावत होती, आणि मी कांदे चिरायला होते. अंगणात आम्ही चौघं गोल बसून जेवलो. भिंतीकडे तोंड करून कोणी नाही. वनरक्षक दोन घास कॉडलचे आणि एक बोट ठेच्याचं, असं खात होता. बाबा त्याच्या डब्याकडे बघत होते. मी नर्सच्या नजरेने बाबांकडे बघत होते. मी पाण्याचा तांब्या उचलायला वळले आणि परत बघते तर बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडाचा चंबू झाला होता, आणि करंगळीच्या टोकाला हिरवा ठेचा.

"बाबा!"

"एवढासाच घेतला," ते हाशहूश करत म्हणाले आणि हसायला लागले. हसताना त्यांच्या लाल, रिकाम्या हिरड्या पार मागपर्यंत दिसत होत्या. वनरक्षकाला एवढं हसू आलं की त्याला ठसका लागला, आणि तांब्या त्यालाच द्यावा लागला.

माझी सुट्टी संपेपर्यंत कॉडल सात-आठ वेळा झालं. बाबांचा सदरा खांद्यावर पुन्हा बसायला लागला. एकदा मी चौकातून जात होते, तर ते पारावर बसून चार-पाच जणांना सांगत होते की आयर्लंड नावाचा एक देश आहे, तिथेही बटाट्याशिवाय माणसाचं भागत नाही, आणि तिथल्या हमालांना सॉसेज सोलून खावे लागतात म्हणून ते आपल्याकडून मुटके शिकणार आहेत. मी पुढे होऊन दुरुस्ती केली नाही.

कवळी मी असतानाच बसली. पहिल्या दिवशी ते आरशासमोर उभे राहून बराच वेळ दात बघत होते. बोलताना शिट्टी वाजायची. त्या संध्याकाळी आईने विचारलं, काय करू? मला वाटलं, मुटके म्हणतील. "मटण," बाबा म्हणाले. "लाल." आईने लाल केलं. त्यांनी सावकाश, फार जपून, पण सगळं खाल्लं. नळी मात्र बाजूला काढून ठेवली आणि आईच्या पानात टाकली. मला थोडं वाईट वाटलं हे कबूल करते; नळीसाठी नाही, मुटक्यांसाठी. आईला वाटलं नाही. तिने लगेच नळी फोडली.

डब्लिनला परत आल्यावर घरमालकीणबाईंना मी सगळं सांगितलं. कोंबड्यांची ओढाताण त्यांना फार आवडली, दोनदा सांगायला लावली. भात घातला हे त्यांनी चालवून घेतलं. मातीचं मडकं आणि निखारे ऐकून त्या खूश झाल्या. त्यांच्या आजीच्या घरी असंच होतं म्हणाल्या. लसणाच्या पातीशी आल्यावर मात्र त्यांनी हात वर केला आणि म्हटलं, यापुढचं सांगू नकोस.

आईचा फोन शिमग्याच्या सुमाराला आला. मोहफुलं वेचायला सगळ्या बाया पहाटेच जंगलात जात होत्या, आणि आई निघण्याआधी मडकं निखाऱ्यावर ठेवून जात होती. परत आल्यावर दहा-बारा जणींचं जेवण तयार. आता त्यात ती सुकी मिरची कुटून घालते, हळद घालते, वांगी घालते, आणि झाकण काढल्यावर पळीने चांगलं ढवळते, असं तिने सांगितलं.

"अगं, मग ते कॉडल कुठे राहिलं?"

"नाव तुह्यंच राहू दे," आई म्हणाली. "सगळ्या बाया कॉडलच म्हणतेत." मग मागून बाबांचा आवाज आला, मडक्यात आज मुटके कमी का आहेत म्हणून, आणि आईने मोजायला जाते म्हणून फोन ठेवून दिला.